शर्वरीचा आकडा

"शर्वरी पोवार अन्न फेकते," असं वस्ताद म्हणाले तेव्हा माझ्या हातात पिठाची परात होती. ती मी ओट्यावर आदळली. पीठ उडून वस्तादांच्या पांढऱ्या पँटवर बसलं आणि खरं सांगते, मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

"कोण म्हणतंय?" मी विचारलं.

"ताटमाप म्हणतंय."

झालं! म्हणजे आता माणसाला विचारायचं कामच उरलं नाही.

मी वैजयंता मगदूम. गारगोटीच्या रस्त्याला, गावाबाहेर आमची मुलींची निवासी तालीम आहे. चौतीस पोरी, एक वस्ताद, एक आहारतज्ज्ञ मॅडम आणि भटारखान्यात मी. बावीस वर्षं झाली. स्वभाव संशयी आहे, ते मी लपवत नाही. नारळ दोनदा हलवून घेते. दूध हल्ली बिनड्रायव्हरच्या गाडीतून येतं, तरी त्यात बोट बुडवल्याशिवाय पातेल्यात ओतत नाही. पण पोरींवर संशय घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

"दिवाळीपासून चार किलो उतरली," वस्ताद म्हणाले. संग्राम वस्ताद आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच पोरी त्यांना टरकून असतात. "सत्तावन्न किलोची पैलवान त्रेपन्नावर आली. तिला दिवसाला लागतात एकवीसशे चाळीस उष्मांक. मशीन तिला रोज बरोबर एकवीसशे चाळीस देतंय. ताट रिकामं परत येतंय. मग वजन जातंय कुठं? मशीनला खोटं बोलून काय मिळणार, मावशी?"

"आणि पोरीला काय मिळणार?"

"ते तिलाच विचारा. ओकत असेल, फेकत असेल, कुणाला नेऊन देत असेल. माझ्या तालमीत अन्नाशी खेळ चालत नाही. तिच्या बापाला फोन केलाय. रविवारी येऊन घेऊन जाईल."

"अहो, निवडीच्या कुस्त्या वीस दिवसांवर आल्यात!"

"म्हणूनच," वस्ताद म्हणाले आणि पँट झटकत निघून गेले.

त्या दिवशी सोमवार होता. म्हणजे माझ्या हातात सहा दिवस होते. शर्वरीला आई नाही. बाप राधानगरीकडं कुणाच्या तरी पोल्ट्रीवर कामाला. एकदा ती परत गेली की वर्षाच्या आत तिचं लग्न लागणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आता हे ताटमाप म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही.

आधी खुराक मी ठरवायची. म्हणजे कागदावर मॅडम ठरवायच्या आणि ताटात मी. नाडगौडा मॅडम शिकलेली बाई. वय जेमतेम तीस, अंगानं काटकुळी, पण फळ्यावर आकृती काढून सांगायला बसली की मलासुद्धा कळायचं. त्या सांगायच्या, शंभर माणसं घ्या. प्रत्येकाची गरज वेगळी असते. बहुतेकांची मधोमध, थोड्यांची कमी, थोड्यांची जास्त. मधली ती सरासरी. पण सरासरीएवढंच वाढलं तर निम्म्या लोकांना कमी पडेल. म्हणून प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं ह्यांची शिफारस सरासरीच्या बरीच वर ठेवतात, शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना तरी पुरेल अशी. आणि त्याच्याही वर एक रेघ असते, ती ओलांडली की अपाय. उष्मांकाचं मात्र वेगळं. जास्तीचे उष्मांक अंगावर चरबी होऊन बसतात, म्हणून तिथं नुसती सरासरीच धरायची. वर भर घालायची नाही.

"मग ज्यांना कमी पडतंय त्या निम्म्यांचं काय?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"त्यांना भूक लागते, मावशी. ते मागून घेतात."

"आणि मी वाढते," मी म्हणाले. मॅडम हसल्या होत्या.

बावीस वर्षं ती भर माझ्या पळीनं घातली. कुणाचं तोंड उतरलंय, कुणी आज आखाड्यात जोर जास्त मारलेत, कुणाला घरून फोन आलाय, हे ताट पुढं आलं की कळायचं. त्याप्रमाणं एक पळी जास्त.

मग मशीन आलं. मॅडमचं म्हणणं असं की सरासरी हवीच कशाला? प्रत्येकीची नेमकी गरज मोजता येत असेल तर अंदाज कशाला? मोजायची रीत जुनीच आहे म्हणे, पण पूर्वी त्याला लागणारं खास पाणी सोन्याच्या भावानं मिळायचं, फक्त मोठ्या प्रयोगशाळांना परवडायचं. आता बाटलीत मिळतं. दिसायला साधं पाणी, पण त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन जरा जड जातीचा. अंगाला बाधत नाही. पोरीनं एक पेला प्यायचा आणि पुढं चौदा दिवस रोज नमुना द्यायचा. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या जाण्यातला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, आणि त्यावरून अंगानं किती उष्मांक खर्चले, ते कळतं. चौदा दिवसांचं माप झालं की प्रत्येकीचा आकडा तयार.

तो आकडा ताटमापात घातला. आता पोरगी अंगठा लावते, मशीन वजन करून भात, आमटी, भाकरी, अंडी ताटात सोडतं आणि मशीनचं फाटक बंद होतं. वाया काही जात नाही. कमी काही पडत नाही. माझ्या पळीला कुलूप लागलं, एवढंच.

आम्ही अडाणी नाही हो. मीच त्या मशीनला खंडेनवमीला हार घातला. वस्तादांनी गदा पुजली, मी शेगड्या पुजल्या आणि मशीनलाही झेंडूचा हार घालून हळदकुंकू लावलं. मापं तेव्हा चालूच होती. सेन्सरवर कुंकू सांडलं म्हणून मॅडम किंचाळल्या होत्या.

पहिला संशय मी मशीनवरच घेतला. मंगळवारी शर्वरीचं ताट फाटकातून बाहेर आलं तसं मी ते ओढून घेतलं आणि कपाटावरचा जुना काटा काढला. भात मोजला. भाकरी मोजली. आमटीतली डाळसुद्धा गाळून मोजली.

"मावशी, गार होतंय," शर्वरी म्हणाली. ताटाकडं बघताना तिचे डोळे हलत नव्हते.

"गप बस जरा."

मशीन एका ग्रॅमनंही खोटं नव्हतं. मी ताट परत दिलं. पोरीनं ते असं संपवलं की घासायची गरज राहिली नाही. आणि मग बोटानं ताटाची कड पुसून बोट चाटलं. आजूबाजूच्या पोरी बघताहेत हे कळल्यावर हात पटकन मांडीखाली घातला. अन्न फेकणारी पोरगी ताटाची कड चाटेल का? पण सवय झाली की माणूस नाटकही करतं. मी कुणाची हमी घेत नाही.

बुधवारी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्याकडं पोरींचं पोट दुखायला लागलं की गरम पाण्याची पिशवी भरायला भटारखान्यात येतात. कोण कधी येते ते मला पाठ आहे. शर्वरी दिवाळीनंतर एकदाही आली नव्हती. मी बोटं मोजली. तीन महिने. म्हटलं, बाई गं, वस्तादाला काय कळणार, हे प्रकरण वेगळंच आहे. पण दिवस गेलेल्या पोरीचं वजन उतरेल कसं? तसं कुणाकुणाचं सुरुवातीला उतरतंही. वांत्या होतात. वस्ताद म्हणाले ना, ओकत असेल! सगळं एकात एक बसत गेलं.

गुरुवारी दुपारी मी तिच्या मागावर गेले.

जेवणं झाली. पोरी खोल्यांकडं गेल्या. शर्वरी मात्र हात धुऊन भिंतीच्या कडेकडेनं मागं निघाली. ओढणीखाली काहीतरी धरल्यासारखा हात. मागच्या फाटकापाशी खरकट्याची बादली असते, शेजारचा गवळी म्हशींना न्यायला येतो. म्हटलं, सापडली! आता बादलीत टाकणार. किंवा फाटकाबाहेर कुणीतरी उभा असणार.

मी चिंचेच्या आडोशानं पुढं गेले आणि बघितलं.

पोरगी बादलीपाशी उकिडवी बसली होती. तिनं ओढणीखालून काही काढलं नाही. उलट बादलीत हात घातला. सकाळी तव्यावर करपल्या म्हणून मी टाकलेल्या दोन भाकऱ्या वरच होत्या. त्यातली एक तिनं काढली, काळं नखानं खरवडलं आणि खायला लागली. भराभर. पाणीसुद्धा न पिता.

बावीस वर्षं शेगडीपुढं उभी राहिले ती हे बघायला का?

"शर्वे," मी हाक मारली.

ती ताडकन उठली. भाकरी पाठीमागं लपवली. तोंडाला काजळी लागलेली.

"मी काही टाकत न्हवते, मावशी. आईशप्पथ."

"बघितलं मी काय करत होतीस ते." मी तिचा दंड धरला. पैलवान पोरीचा दंड, माझ्या मुठीत आला. "एक विचारते. खरं सांगायचं. तीन महिने झाले, पिशवी न्यायला आली न्हाईस. काय भानगड आहे?"

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं आणि तिचा चेहरा असा झाला की शब्द परत घ्यावेसे वाटले.

"मावशी, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "आखाड्यातून खोलीपर्यंत चालत जायला मला दोनदा बसावं लागतंय. आणि तुम्हाला वाटतंय मी... थंडी वाजते हो मला. उन्हात बसलं तरी वाजते. केस गळतात. भूक लागते, सारखी लागते, स्वप्नातसुद्धा मी जेवतच असते. वस्तादांना सांगितलं तर म्हणाले, तुझा आकडा बघ, तुला पुरतंय. मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी खोटं आहे. भूकच खोटी आहे."

आणि रडली. हुंदके देऊन. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ! तिला आत नेलं, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ कालवून समोर ठेवला. कुलूप गेलं खड्ड्यात. ती खात होती तेव्हा मी मनात ठरवलं, मशीन वजनात खोटं नाही, पोरगी खोटी नाही. म्हणजे आकडा खोटा आहे. आणि आकडा काढला कुणी? नाडगौडा मॅडमनी.

शुक्रवारी सकाळी मी सरळ मॅडमच्या खोलीत शिरले. भिंतीवर त्यांचं प्रशस्तिपत्र: आमच्या तालमीत अन्नाची नासाडी शून्यावर आली म्हणून. हेच ते, मी म्हटलं. आकडे थोडे थोडे खाली ओढायचे आणि शाबासकी मिळवायची. कुठंतरी पाणी मुरतंय. मॅडम शाल पांघरून बसल्या होत्या. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, तरी शाल.

"शर्वरीचा आकडा कमी का केलात?" मी दारातूनच विचारलं.

"काय?"

"पोरगी बादलीतलं खातेय, मॅडम. म्हशीच्या बादलीतलं. तिची पाळी बंद झालीय. आणि तुम्ही म्हणताय तिला पुरतंय."

पाळीचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "किती महिने?"

"तीन."

"हे मला कुणी सांगितलं नाही. मावशी, ही उपासमारीची खूण आहे. अंगाला कमी पडायला लागलं की शरीर एकेक काम बंद करत जातं. पाळी बंद, हाडं ठिसूळ, थंडी वाजणं..." त्या थांबल्या. "पण आकडा बरोबर आहे. मी स्वतः तपासलाय."

"मग वजन उतरल्यावर मशीननं तो वाढवला का न्हाई?"

"कारण मशीन आकडा खरा धरून चालतं. माप सहा महिन्यांतून एकदाच. दिलेलं अन्न आणि गरज जुळत असेल आणि तरी वजन घटलं, तर त्याला एकच अर्थ लावायला शिकवलंय. अन्न पोटात जात नाही."

"म्हणजे मशीन चुकलं तर चोर माणूस."

त्यांनी पडद्यावर शर्वरीचे चौदा दिवस काढले. दोन रेघा खाली उतरत होत्या, एक निळी, एक तांबडी. "हे बघा. दोन रेघांमधला हा फरक. तो कमी आहे, म्हणजे खर्च कमी आहे. यात मी काय करणार? एक दिवसही नमुना चुकलेला नाही. दसऱ्याच्या दिवशीसुद्धा मी सुट्टी घेतली नाही, नमुने गोळा करायला आले होते. आठवतं? तुम्ही मला श्रीखंड-पुरी वाढलीत."

आठवत होतं ना. सगळं आठवत होतं.

मी खुर्चीत बसले. न विचारता बसले.

दसरा तो चौदातला शेवटून तिसरा दिवस. म्हणजे त्याआधीचे नऊ दिवस नवरात्राचे. आणि शर्वरीनं नवरात्र धरलं होतं. निवड होऊ दे म्हणून अंबाबाईला नवस बोलली होती. अनवाणी चालायची आणि दिवसातून एकदा खायची: पेलाभर दूध, एक केळं, वाटीभर वरई. वस्तादांना तालमीत उपवास चालत नाही, म्हणून चोरून. ती वरई रोज दुपारी कोण शिजवत होतं? मीच. पोरीचा भक्तिभाव बघून माझं ऊर भरून येत होतं. मशीन तेव्हा अजून चालू झालं नव्हतं, तिचं रोजचं ताट मी भरून दाखवायची आणि परत पातेल्यात ओतायची. मापाच्या कागदावर एक प्रश्न होता: चौदा दिवसांत आहारात काही बदल झाला का? शर्वरीनं लिहिलं, नाही. खाली भटारखान्याची सही होती, आहार नेहमीप्रमाणे. ती सही माझी.

आणि खोटं केलं असं मला वाटलंही नव्हतं. उपवास म्हणजे काय उपाशी राहणं का? दरवर्षी मीही धरते, आई धरायची, सगळ्या बायका धरतात. आमच्या नेहमीतच तो येतो.

"मॅडम," मी म्हणाले. "नऊ दिवस एखादीनं एकदाच खाल्लं तर तुमच्या रेघांना काय होईल?"

"खर्च घटेल. शरीर हिशेबी असतं. आत कमी आलं की बाहेर कमी सोडतं. ठोके मंदावतात, अंग गार पडतं, माणूस हालचालसुद्धा कमी करतं, त्याच्या नकळत. त्यातून ती पैलवान. सराव सुटला तर आकडा फारच..." त्या माझ्याकडं बघायला लागल्या. "का?"

सराव सुटलाच होता. गुडघा दुखतो असं खोटं सांगून शर्वरीनं नऊ दिवस हलका सराव मागून घेतला होता. हेही मला माहीत होतं.

मी सांगितलं. सगळं. मॅडम ऐकत होत्या आणि शाल घट्ट ओढून घेत होत्या. वाटलं, आता बाई माझ्यावर ओरडणार. त्या काहीच बोलल्या नाहीत. हे मला विचित्र वाटलं. अशा वेळी गप्प बसणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

"वस्तादांना सांगावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "सही तुमची आहे. तुमच्यावर येईल."

"येऊ दे की."

तोंडानं म्हणाले येऊ दे, पण त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तरी दचकत होते. नवरा गेल्यापासून ही तालीमच माझं घर. दुसरं काही येतही नाही मला.

शनिवारी दुपारी सगळ्या पोरी जेवायला बसल्या होत्या. वस्ताद दाराशी उभे होते. शर्वरी कोपऱ्यात, बॅग भरून झालेली. मी मशीनच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले.

"वस्ताद, शर्वरीनं अन्नाचा एक कण फेकलेला न्हाई. तिचा आकडाच चुकीचा आहे आणि तो माझ्यामुळं चुकलाय." आणि सगळ्यांसमोर सांगितलं. वरई, दूध, केळं, सही. काही राखून ठेवलं नाही.

वस्तादांचा चेहरा दगडासारखा झाला. "माझ्या तालमीत उपवास? माझ्या पाठीमागं? तुमच्या हातानं?"

"व्हय."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवून..."

"मी शिव्या खायला उभी आहे, वस्ताद, खाते. पण आधी एक विचारू द्या." मी पोरींकडं वळले. "खरं सांगायचं. कुणाला काही होणार न्हाई, झालं तर मला होईल. मापाच्या वेळी नवरात्र आणखी कुणी कुणी धरलं होतं?"

मागून एक हात वर आला. दुसरा. मग भराभर. मी मोजले. अकरा. मला एकटी शर्वरी ठाऊक होती.

"मग तुम्ही कशा उतरला न्हाई?" मी विचारलं.

"घरून डबे येतात की, मावशी," एक म्हणाली. "लाडू, चिवडा. ट्रंकेत असतात." ती शर्वरीकडं बघून गप्प झाली. शर्वरीला डबा पाठवणारं कुणी नव्हतं.

आणि मग बारावा हात वर आला. पोरींच्या रांगेतून नाही. दाराजवळून, शालीतून. बांगडी कोपरापर्यंत घसरली.

"मॅडम?" वस्ताद म्हणाले.

"पहिलं माप मी माझंच घेतलं होतं," नाडगौडा मॅडम म्हणाल्या. "त्याच चौदा दिवसांत. दहा वर्षांची असल्यापासून मी नवरात्र धरते. नऊ दिवस फलाहार. कागदावर मीही तेच लिहिलं, आहार नेहमीप्रमाणे. मी, शिकलेली बाई! चार महिने मशीनमधूनच जेवतेय. मला वाटत होतं कामाचा ताण आहे. काल मावशी बोलत होत्या तेव्हा मला कळलं की मला भूक लागलीय."

मी त्यांच्यावर घेतलेला संशय आठवला आणि लाज वाटली. शून्य नासाडीचं प्रशस्तिपत्र ज्या बाईनं मिळवलं ती स्वतः उपाशी होती.

वस्ताद मशीनपाशी आले. मग म्हणाले, "फाटक उघडा."

मॅडमनी चावी लावली. वस्तादांनी शर्वरीची बॅग स्वतः उचलून खोलीत नेऊन ठेवली आणि तिच्या बापाला फोन लावला, येऊ नका म्हणून. मग माझ्याकडं वळले. "उद्यापासून सगळ्यांचं माप परत. खाऊ देत पोटभर, मग मोजू. चौदा दिवस. आणि त्या चौदा दिवसांत तुम्ही भटारखान्यात नको, मावशी. तुमच्या हातावर माझा भरवसा नाही."

बावीस वर्षांनंतर हे ऐकायचं. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"आजचं वाढून जाते," मी म्हणाले.

मी पळी धुतली. शर्वरीला वाढलं, भात, आमटी, वर तूप. तिनं पुरे म्हटलं नाही आणि मी थांबले नाही. मग मॅडमचं ताट घेतलं.

"मावशी, एवढं नको."

"आकडा कळेपर्यंत गप जेवा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. घर कसलं, बंद खोली. स्वतःपुरती एक भाकरी थापायची सवयच मोडलेली, रोज तीन-चार उरायच्या. फोनची वाट बघायची आणि कुणी केला नाही की मनात नाही नाही ते यायचं. नवी बाई वाढत असेल का नीट? शर्वरी मागून घेत असेल का? ती मागणारी पोरगीच नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी फोन आला. मागं गाडीचा आवाज, पोरींचा कालवा. निवडीच्या कुस्त्यांना निघाल्या होत्या.

"मावशी! सत्तावीसशे नव्वद!"

"काय?"

"माझा आकडा! मॅडम म्हणाल्या, तुझी भूक खरी होती. वजन पण भरतंय, पंचावन्नच्या वर गेलंय. वस्तादांनी माझं नाव काढलं न्हवतंच यादीतून. आणि ते म्हणाले, उद्यापासून मावशीला बोलवा, नव्या बाईच्या आमटीला चव न्हाई."

माझ्या डोळ्यांना धार लागली. पण स्वभाव कुठं जातो! मी फोन कानाला धरूनच भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. चौदा दिवस बोटानं मोजत आले आणि एका चौकटीवर बोट थांबलं. महाशिवरात्र. मापाच्या बरोबर मधोमध.

"शर्वे," मी म्हणाले. "शिवरात्रीला काय खाल्लंस?"

पलीकडं आवाज बंद झाला. गाडी तेवढी ऐकू येत होती.

"सकाळी देवळात गेले होते, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "देवाला सांगितलं, ह्या वर्षी जमणार न्हाई, मला भूक लागते. मग येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या."